सोमवारचे दुखणे

(भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता आणि डॉक्टर'. असा विषय वाचला की हेल्मेट, हातमोजे आणि गेटवरचा 'सुरक्षा प्रथम' हा फलक डोळ्यांसमोर येतो. दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी फलकावरची धूळ झटकली जाते, बिल्ले लागतात, शपथ होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते खाते सेफ्टी ऑफिसरचे आहे. मला बोलायचे आहे ते तपासणीच्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाबद्दल, म्हणजे माझ्या स्वतःच्या बिरादरीबद्दल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा डोळा लागला तरी नुकसान नाही. कामातून होणारा आजार डॉक्टरने कामाचा म्हणून कागदावर लिहिला तरच सरकार, मालक आणि न्यायालय यांच्या लेखी तो असतो. आणि आपण डॉक्टर तो लिहीत नाही.

भंडारा म्हटले की पितळ आलेच. इथल्या भांड्यांनी विदर्भातली कितीतरी लग्ने पार पाडली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे वितळते १०८५ अंशांना आणि जस्त उकळते ९०७ अंशांना. म्हणजे मुशीत दोन्ही एकत्र करताना जस्ताचा काही भाग पांढऱ्या धुराच्या रूपाने उडणारच. ओतकाम करणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. त्या वेळी काही होत नाही. संध्याकाळी तोंडाला गोडसर, धातूसारखी चव येते, तहान लागते, आणि रात्री थंडी भरून ताप येतो. अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी हुडहुडी जात नाही. पहाटे घाम फुटतो आणि माणूस उठून कामाला जातो. आपल्या भागात थंडी वाजून ताप आला की डॉक्टर काय म्हणणार? हिवताप. रक्ताची काच जाते, त्यात काही सापडत नाही, तरीही क्लोरोक्विन दिले जाते. ताप दुसऱ्या दिवशी तसाही उतरणारच होता. श्रेय गोळीला जाते.

या तापाची एक खोड आहे. आठवडाभर रोज धूर खाणाऱ्याला तो बुधवार-गुरुवारी येत नाही, कारण शरीर सरावते. एक सुट्टी मिळाली की सराव मोडतो आणि सोमवारी रात्री पुन्हा थंडी वाजते. म्हणून इंग्रज ओतारी त्याला सोमवारचा ताप म्हणत.

आता कापडाकडे वळू. मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांत हातमाग होता, आणि अनेक विणकर कुटुंबांनी नागपूरच्या गिरण्यांची वाट धरली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापसाच्या पिंजण खात्यातल्या धुळीने छाती आवळते, श्वास पुरत नाही. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. तो सुरू होतो सोमवारी, सुट्टीनंतर खात्यात पाऊल टाकल्यावर काही तासांत. मंगळवारी बरे वाटते. वर्षे गेली की मंगळवारीही आवळते, मग बुधवारी, आणि शेवटी आठवड्याचे सगळे वार एका माळेचे मणी होतात. रिचर्ड शिलिंग या ब्रिटिश डॉक्टराने १९५०च्या दशकात या रोगाची जी प्रतवारी लावली ती वारांवरच आधारलेली आहे. फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही पहिली पायरी, इतर दिवशीही आवळणे ही दुसरी. या पायऱ्या ठरवताना क्ष-किरण लागत नाही, रक्त लागत नाही. रुग्णाला 'कोणत्या दिवशी?' एवढे विचारावे लागते.

तिसरा सोमवार स्फोटकांचा. नायट्रोग्लिसरीन हे डायनामाइटचे हृदय, आणि हृदयरोग्याच्या जिभेखालच्या गोळीचेही. १८७९ साली विल्यम मरेल यांनी छातीच्या कळेवर ते वापरून दाखवले. आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयाचे दुखणे लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हेच औषध सुचवले, आणि नियतीच्या या थट्टेवर त्यांनी मित्राला पत्र लिहिले. कारखान्यात ते कातडीतून आणि श्वासातून अंगात शिरते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि डोके ठणकते, पण तेही सोमवारीच. मंगळवार-बुधवारपर्यंत शरीर जुळवून घेते. जुन्या डायनामाइट कारखान्यांतले कामगार रविवारी सराव सुटू नये म्हणून टोपीच्या पट्टीत थोडी स्फोटके चोळून घरी जात, असे नोंदलेले आहे. डोकेदुखीवर त्यांनी काढलेला हा तोडगा बिनतोड होता, आणि कोणत्याही डॉक्टरला विचारून काढलेला नव्हता.

पण त्यात एक भयंकर गोष्ट दडली होती. सैल पडण्याची सवय झालेल्या रक्तवाहिन्या सुट्टीत नायट्रोग्लिसरीन मिळेनासे झाले की उलट आकसतात. हृदयाची वाहिनी आकसली तर रविवारी दुपारी किंवा सोमवारी पहाटे, कारखान्यापासून कोसभर लांब, घरच्या खाटेवर माणूस जातो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या डॉक्टरांनी १९७२ साली दारूगोळा कारखान्यातले असे रुग्ण एकत्र मांडले. अनेकांच्या हृदयवाहिन्यांत अडथळा सापडला नव्हता. त्याआधी असे किती मृत्यू 'हार्ट अटॅक' म्हणून नोंदले गेले असतील याचा हिशेब कोणाकडेच नाही. मृत्यू घरी झाला, सुट्टीच्या दिवशी झाला. मग त्याचा कामाशी काय संबंध?

इथे एक आडवळण घेतो. हे तिन्ही रोग दिसतात ते सुट्टी आहे म्हणून. सातही दिवस गिरणी चालली असती तर सोमवार वेगळा उठून दिसलाच नसता. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या चळवळीमुळे. लोखंडे जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, डॉक्टर नव्हेत. पण या देशातल्या कामगाराच्या निदानाला त्यांनी दिलेले साधन स्टेथोस्कोपच्या तोडीचे आहे असे मी मानतो. १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता ते गेले.

आता या जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या मनात जे आहे त्याबद्दल. २४ जानेवारी २०२५, शुक्रवार. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत सकाळी साडेदहाच्या सुमारास स्फोट झाला. छत कोसळले, आठ कामगार गेले. आवाज किती गावांत ऐकू गेला हे तुम्ही मला सांगाल. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारीतच, तिथल्या स्फोटात एक कामगार दगावला होता. त्या दिवशी काय चुकले हे सांगण्याचा मला अधिकार नाही, तो चौकशीचा विषय. मला वेगळेच दाखवायचे आहे. स्फोटाची तारीख असते, वेळ असते, पंचनामा असतो, मंत्री येतात, मदत जाहीर होते. तसे व्हायलाच हवे. पण रसायने हाताळणाऱ्याच्या रक्तात, यकृतात, कानात, हृदयात वीस वर्षे जे साचत जाते त्याला ना तारीख ना आवाज. त्याचा पंचनामा करू शकणारा माणूस एकच, डॉक्टर. त्याने केला नाही तर तो दुसऱ्या कोणाकडूनही होत नाही.

तुमसर तालुक्यात चला. तुमसर रोडहून तिरोडीला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर गोबरवाही येते. अलीकडे-पलीकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. दोन्ही मॅंगनीजच्या खदानी. चिखल्याला जमिनीखाली, डोंगरीला उघड्यावर. या पट्ट्यातले मॅंगनीज १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने काढायला घेतले. आजची मोईल कंपनी त्याच परंपरेतली, १९६२ साली स्थापन झालेली. पोलादाला मॅंगनीज लागते, बॅटरीला लागते, आणि आपल्या शरीरालाही किंचित लागते. घोटाळा तिथेच आहे. शरीराला ओळखीची वस्तू असल्यामुळे ती मेंदूपर्यंत बिनबोभाट पोचते.

१८३७ साली ग्लासगोत जॉन कूपर या डॉक्टराने ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात काळे मॅंगनीज दळणारे पाच कामगार पाहिले. पाय लुळे पडत चाललेले, कंबर पुढे वाकलेली, आवाज कुजबुजीवर आलेला, तोंडातून लाळ. पुढे चिलीच्या खदानीत याच रोगाचे वेडाचे रूप दिसले. कामगार विनाकारण हसत, विनाकारण रडत, आणि तिथले लोक त्याला मॅंगनीजचे वेड म्हणत. मेंदूतल्या ज्या गाठी हालचालीला वळण लावतात, त्यांपैकी एकीत मॅंगनीज साचते. माणूस पार्किन्सनच्या रोग्यासारखा दिसतो, पण तो पार्किन्सन नव्हे. पार्किन्सनवर जे औषध जादू करते ते इथे फारसे चालत नाही. आणि काम सुटले तरी रोग थांबतोच असे नाही.

आता ओपीडीत हे कसे दिसते ते सांगतो. माणूस दारातून आत येतो तोच पंजावर, टाचा उचललेल्या, कोपर वाकवून, कोंबडा चालतो तसा. चेहरा कोरा. बसायला सांगितले तर खुर्चीत अलगद न बसता सबंध कोसळतो. मी त्याला म्हणतो, "भाऊ, उभे राहा, आणि तसेच मागे मागे या." पुढे चालणे कसेबसे जमते. मागे पाऊल टाकायला सांगितले की दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला तोल जातो, म्हणून मागे कोणीतरी उभे करून ठेवावे लागते. मग एक कागद देतो आणि सही करायला सांगतो. पहिले अक्षर ठीक, शेवटचे मुंगीएवढे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, एक कागद लागतो, पैसा लागत नाही. नंतर एमआरआय वगैरे आहेच. पण एमआरआय कोणाचा करायचा हे त्या दोन मिनिटांत ठरते, आणि ती दोन मिनिटे मिळण्याआधी एक प्रश्न विचारलेला असावा लागतो. काम काय करता? आणि त्याचे उत्तर 'मजुरी' असे आले तर गप्प बसायचे नाही. कसली मजुरी? ड्रिलवर, क्रशरवर, भट्टीवर की लोडिंगवर? ओले ड्रिल की कोरडे? किती वर्षे? त्याआधी कुठे?

हा प्रश्न नवा नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला तेव्हाच सांगून ठेवले होते की रुग्णाला जे जे विचारायचे त्यात धंदा काय हेही विचारा. तीनशे वर्षांत आपण एवढी प्रगती केली की केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना छापला. तो बहुतेक वेळा कोरा असतो. बाईचा असेल तर त्यात 'गृहिणी' लिहितात. ती दिवसाला हजार बिड्या बांधत असली तरी गृहिणीच.

दगडाच्या धुळीची गोष्ट आणखी वाईट. सिलिकाची धूळ फुप्फुसात व्रण पाडते आणि त्या व्रणांवर क्षयाचे जंतू आनंदाने घर करतात. खदानीतला, क्रशरवरचा माणूस खोकत आला, क्ष-किरणात डाग दिसले, की क्षयाची औषधे सुरू होतात. बऱ्याचदा क्षय असतोही. पण त्याच्या खाली सिलिकोसिस आहे हे लिहिले गेले नाही तर तो सहा महिन्यांनी औषध संपवून पुन्हा त्याच धुळीत जातो, आणि वर्षभराने पुन्हा क्षय. डॉक्टर म्हणतात औषध नीट घेतले नसेल, घरचे म्हणतात दारू पितो. जी धूळ डोळ्यांना दिसते तिचा मोठा हिस्सा नाकातच अडकतो. खोलवर जाते ती उन्हाच्या कवडशातही धड न दिसणारी. तिच्यावर उपाय म्हणून कामगारांना गूळ वाटण्याची जुनी प्रथा आहे. गुळाने धूळ उतरते म्हणतात. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दोन्हींची गाठ पडण्याचा मार्ग मला तरी शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडलेला नाही. गूळ चांगलाच, वाटू द्या. पण खरे काम करते ते ड्रिलवरचे पाणी आणि धूळ खेचणारा पंखा.

आता कायदा. घाबरू नका, थोडाच आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ८९व्या कलमाला एक परिशिष्ट जोडले होते. त्यात २९ आजारांची यादी होती. शिसे, पारा, मॅंगनीज, सिलिकोसिस, बिसिनोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा वगैरे. यातला आजार कारखान्यातल्या माणसाला झालेला ज्या डॉक्टरला दिसेल त्याने तो मुख्य निरीक्षकांना कळवायचा होता. ज्या डॉक्टरला, म्हणजे कंपनीच्याच नव्हे, गल्लीतल्या एमबीबीएसलाही. १९५२च्या खाण अधिनियमात २५वे कलम तेच सांगत होते, आणि त्याखाली मॅंगनीजची विषबाधा स्वतंत्रपणे अधिसूचित होती. नोव्हेंबर २०२५पासून हे सगळे नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेले. तिथेही डॉक्टरवरचे बंधन कायम आहे. जुन्या कायद्यात कळवले नाही तर डॉक्टरला हजार रुपयांपर्यंत दंड होता, नव्यात दहा हजारांपर्यंत. आणि गंमत म्हणजे, कळवलेले निदान सरकारी प्रमाणक शल्यचिकित्सकाने खरे ठरवले तर जुन्या कायद्यात त्या डॉक्टरला फी मिळायची सोय होती. ती फी मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची! अशी फी घेतलेला डॉक्टर मला आजवर भेटलेला नाही. दंड भरलेलाही नाही. या सभागृहात बसलेल्या डॉक्टर मित्रांपैकी कोणी असेल तर चहाच्या वेळी मला गाठावे, मी त्यांचा सत्कार करीन.

कळवण्याने काय होते असे कोणी विचारले तर इंग्लंडकडे बोट दाखवतो. तिथे १८९५ साली शिशाची विषबाधा कळवणे डॉक्टरांना सक्तीचे झाले. १८९८ला टॉमस लेग हे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक नेमले गेले. १९०० साली हजारावर रुग्ण नोंदले गेले. आकडा समोर आल्यावर कोणत्या धंद्यात, कोणत्या खात्यात, हे नकाशासारखे दिसू लागले. तिथे धूळ खेचणारी यंत्रे बसली आणि पुढच्या दशकांत आकडा उतरत गेला. लेग यांचे मत असे होते की मालकाने करायचे ते सगळे केल्याशिवाय कामगार स्वतःचे रक्षण जवळजवळ करूच शकत नाही. १९२६ साली सरकारने शिशाच्या पांढऱ्या रंगावरचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करायला नकार दिला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. एवढा करारी सरकारी डॉक्टर दुर्मीळ, इंग्लंडातसुद्धा.

आपल्याकडे मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका ॲसबेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची तपासणी करून २००५ साली ती प्रसिद्ध केली. पाचातल्या एकाहून अधिक कामगारांच्या फुप्फुसात ॲसबेस्टॉसिस निघाला. ते लोक आदल्या दिवशी आजारी पडले नव्हते. वर्षानुवर्षे ते कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जातच होते.

मग डॉक्टर का लिहीत नाहीत? आळस आहे, वेळ नाही, एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत हा विषय प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनच्या एका धड्यात उरकतो, हे सगळे खरे. कारखान्यात वैद्यकीय अधिकारी व्हायचे तर तीन महिन्यांचा एएफआयएच हा अभ्यासक्रम आहे, तो केलेले थोडे. पण खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती मी कारखान्याच्या दवाखान्यात बसलो तेव्हा कळली. कानाची तपासणी झाली होती, आलेखावर चार हजार हर्ट्झला स्पष्ट खड्डा होता. आवाजाने गेलेल्या कानाची ही सही. मी पेन उचलले तर समोरचा माणूस उठून उभा राहिला. "साहेब, लिवू नोका जी. नाव कटते आमचं." ठेकेदाराचा माणूस. 'अनफिट' शेरा पडला की उद्यापासून हजेरी नाही. बहिरा होईन, पण पोरीचे लग्न झाल्यावर होईन, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा आहे असे म्हणायला मला तोंड नव्हते.

म्हणजे पाहा, मालकाला नको, कामगाराला नको, आणि डॉक्टरचा पगार मालकाच्या सहीने निघतो. मग लिहिणार कोण? प्रमाणक शल्यचिकित्सक हा त्या कारखान्यात हितसंबंध असलेला नसावा अशी अट कायद्याने घातली ती याच कारणाने. कारखान्याच्या पगारी डॉक्टरला तशी भिंत नाही. काही जण त्या खुर्चीत बसून ताठ राहिले, मी पाहिले आहेत. त्यांची बढती झाली नाही, हेही पाहिले आहे.

पण 'अनफिट' हा एकच शब्द आपल्याला शिकवला कोणी? कान गेला म्हणून माणूस निकामी होत नाही. ते खाते त्याच्यासाठी निकामी असते. डॉक्टरने लिहायचे ते असे: या माणसाला ८५ डेसिबलच्या वर ठेवू नये, अमुक महिन्यांनी पुन्हा तपासावे. आणि जोडीला मालकाला एक वेगळे पत्र, नावाशिवाय: तुमच्या अमुक खात्यातल्या इतक्या लोकांचे कान उतरले आहेत, यंत्राला आवरण घाला. पहिल्या कागदाने एकाची नोकरी वाचू शकते, दुसऱ्याने शेजारच्या दहांचे कान. खाण अधिनियमात तर १९८३च्या दुरुस्तीने स्पष्ट सोय केली होती. कामामुळेच जडलेल्या आजाराने माणूस त्या कामाला अपात्र ठरला तर मालकाने त्याच्यावर फुकट उपचार करायचे आणि नंतर झेपेल असे दुसरे काम द्यायचे. सगळी मदार 'कामामुळेच' या शब्दावर, आणि तो शब्द डॉक्टरच्या हातचा.

कारखान्याच्या गेटबाहेर तर कोणी निरीक्षकही नाही. साकोली-लाखनीकडच्या गावांत दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या बायका बिड्या बांधतात. तंबाखूची भुकटी उडते, शेजारी लेकरू झोपलेले. ओल्या बोटांतून निकोटिन कातडीत शिरते. मग मळमळ, चक्कर, डोकेदुखी. दवाखान्यात मावशींना अशक्तपणाचे बी-कॉम्प्लेक्स टोचले जाते. १९६६चा बिडी कामगारांचा कायदा होता, १९७६चा कल्याण निधी आहे. पण 'घर हीच कामाची जागा' असे केसपेपरवर कोणी लिहीत नाही.

आणि धान. तुडतुडा आला की भंडाऱ्यात पाठीवर पंप चढतो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. रुग्ण आठवडेच्या आठवडे दाखल होत होते. राज्याने डोळे उघडले ते सप्टेंबर सरताना. बारीक झालेली बाहुली, गळणारी लाळ, ॲट्रोपिनचा डोस हे इथल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला झोपेत विचारले तरी येते. पण एका आठवड्यात पाच असे रुग्ण आले, सगळे एकाच औषधाच्या मिश्रणाने, हे तालुका कृषी अधिकाऱ्याला फोन करून कळवणे हा उपचाराचाच भाग आहे, असे आपल्याला वाटत नाही. वाटले पाहिजे. सहावा रुग्ण त्या फोनने वाचतो.

आपल्या स्वतःच्या घराबद्दलही एक कडू वाक्य बोललेच पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. रुग्णालय हीसुद्धा कामाची जागा आहे. वायरिंग, आग विझवण्याची सोय, बाहेर पडायची वाट, रात्रपाळीला किती माणसे, हे प्रश्न डॉक्टरने स्वतःच्या वॉर्डात विचारले नाहीत, तर दुसऱ्याच्या कारखान्यात विचारायला तो कोणत्या तोंडाने जाणार?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, मुख्यतः तरुण डॉक्टरांसाठी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉसच्या खटल्यात सांगितले की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे जपून ठेवा. निर्णय मोठा, पण तो पाळायचा कारखान्याने. ठेकेदाराच्या माणसाचे काय? ठेकेदाराचे नाव दर दोन-तीन वर्षांनी बदलते, कधी मालक तोच आणि पाटी नवी. हजेरीचा पास परत घेतात. पगाराची चिठ्ठी मिळतेच असे नाही. वीस वर्षांनी हा माणूस दम लागून नुकसानभरपाईच्या आयुक्तांपुढे उभा राहतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न येतो: तुम्ही तिथे होता याचा पुरावा काय?

म्हणून केसपेपरवर नुसते 'खोकला, दोन महिने' लिहू नका. लिहा: अमुक कंपनी, अमुक खाते, ठेकेदाराचे नाव, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, क्रशरवर, कोरडी धूळ. खाली सही, शिक्का, तारीख. एक प्रत रुग्णाला द्या आणि घरी पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगा. क्ष-किरणाची फिल्मही तिथेच, उन्हापासून दूर. पुढे कोणी डॉक्टर त्या आजाराचे नाव लावील तेव्हा त्या माणसाजवळ दाखवायला तेवढाच एक कागद असू शकतो.